अंगठा एक, रिंगा अकरा

आमच्या घरचा कुकर माझ्या लग्नाच्या वयाचा आहे. एकवीस वर्षांत त्याच्या शिट्ट्या किती बदलल्या, दांडा किती वेळा नवा बसवला आणि रिंगा किती झाल्या, याचा हिशेब फक्त सासूबाईंना ठाऊक. यंदा श्रावणाच्या तोंडावर त्याची रिंग कडक झाली, तिला भेगा पडल्या आणि शिट्टीऐवजी नुसते फुसफुसणे ऐकू येऊ लागले.

"कॉलेजातून येताना तुळशीबागेत जा, आणि जुनी रिंग बरोबर ने. तोंडी माप सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

कॉलेजात तेव्हा प्रवेशाची धामधूम चालली होती. संध्याकाळी सहाच्या गर्दीत एका रबरी कड्यासाठी तुळशीबागेत शिरायचे माझ्या जिवावर आले. मी म्हटले, "आई, आता हे सगळं घरबसल्या येतं." आणि स्टाफरूममध्ये चहा पिता पिता फोनवर शोध घेतला. 'कुकरची रिंग, पाच लिटर.'

रिंगांची एक रांगच पुढे उभी राहिली. वर-खाली करताना लक्षात आले की त्यांतली अकरा पाने एकाच रिंगेची होती. ओळखले कशावरून? छायाचित्रात रिंग हातात धरलेली होती, त्या हाताच्या अंगठ्याच्या नखाला निळा रंग होता आणि नखाचा एक कोपरा तुटलेला होता. अकराही ठिकाणी तोच अंगठा! किमती मात्र एकोणनव्वद रुपयांपासून दोनशे चाळीसपर्यंत. कोठे ती 'गॅस्केट' होती, कोठे 'गास्केट', कोठे 'सीलिंग रिंग', तर एके ठिकाणी नुसतेच 'कुकर रबर'. मी मधली बघून एकशे एकोणीस रुपयांची मागवली. आपण मध्यमवर्गीय माणसे. अगदी स्वस्त घ्यायची भीती वाटते आणि महाग घ्यायचा धीर होत नाही.

दोन दिवसांत रिंग आली. झाकणाला बसली, पण ओढून-ताणून. श्रावणी सोमवारी संध्याकाळी उपास सोडण्यासाठी सासूबाईंनी वरण-भाताचा कुकर चढवला. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. गॅस बारीक करावा म्हणून त्यांनी हात पुढे केला, आणि दांड्याच्या बाजूने निसटलेली वाफ थेट त्यांच्या मनगटावर आली. शहात्तर वर्षांची कातडी ती. डॉक्टरांनी मलम दिले, थोडक्यात निभावले म्हणाले. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

तक्रार केली. 'क्षमस्व, बदली पाठवतो' असा निरोप आला, आणि तीन दिवसांनी हुबेहूब तशीच, तेवढीच तोकडी दुसरी रिंग दारात हजर झाली.

मग मी माझ्या भाच्याला फोन लावला. तो बंगळूरला अशाच एका ऑनलाइन बाजाराच्या कचेरीत नोकरी करतो. मी माल घेतला ती कंपनी निराळी. एकच वस्तू दहा ठिकाणी दिसत असेल तर ती ओळखून काढणे, हेच त्याच्या खात्याचे काम. इतकी वर्षे मला वाटत होते, हा संगणकात काहीतरी अगम्य करतो. त्याने माझ्याकडून त्या पानावरचे अभिप्राय वाचून घेतले. "मावशी, 'छान बसते' म्हणणारे किती आणि 'लहान पडते' म्हणणारे किती, मोज बरं."

मी मोजले. जवळजवळ निम्मे निम्मे. शिवाय दोघांना 'पाणी गार राहत नाही' अशी तक्रार होती. रिंगेत पाणी?

"म्हणजे तुझ्या पानावर दोन रिंगांची लग्नं लावलेली दिसतात. एक तीन लिटरची, एक पाचची. आणि ते पान त्याआधी बहुधा एखाद्या पाण्याच्या बाटलीचं असावं," तो म्हणाला.

इथून पुढे तासभर त्याने जे सांगितले आणि मग मी स्वतः धुंडाळून जे पाहिले, ते ज्यांच्या घरी आठवड्याला दोन खोकी येऊन पडतात त्या सर्वांनी ऐकण्याजोगे आहे.

या बाजारांच्या दोन तऱ्हा. एक मंडईसारखी. प्रत्येक विक्रेत्याचा गाळा वेगळा, फळी वेगळी. १९९५ साली अमेरिकेत निघालेले ईबे मूळचे या तऱ्हेचे. दहा जण एकच वस्तू घेऊन बसले तर तिथे दहा पाने दिसणारच. त्यात गैर काही नाही. मात्र एकाच विक्रेत्याने तीच वस्तू दोन-चार पानांवर मांडून जागा अडवू नये, असा ईबेचा नियम आहे. दुसरी तऱ्हा ग्रंथालयाच्या सूचीसारखी. तीही १९९५ सालीच दुकान उघडणाऱ्या अ‍ॅमेझॉनने रूढ केली. वस्तू एक तर पान एक, आणि त्या पानाला दहा अक्षर-आकड्यांची एक खूण. विकणारे पन्नास असोत, त्यांनी आधी सूचीत शोधायचे, पान सापडले तर त्याच पानाखाली आपली किंमत लावायची. असलेल्या वस्तूचे नवे पान काढायला मनाई आहे, आणि वारंवार काढणाऱ्याचा पाने काढण्याचा हक्क जाऊ शकतो. गिऱ्हाईक बटण दाबते तेव्हा त्या पन्नासांतल्या एकाचा माल त्याला मिळतो. तो एक कोण, हे किंमत, पोचवण्याचा वेग, विक्रेत्याची आजवरची वागणूक असे बरेच काही पाहून यंत्र ठरवते. बाकीचे 'इतर विक्रेते' म्हणून खाली, बारीक अक्षरांत. आपल्यापैकी किती जण तिथवर बोट सरकवतात?

म्हणूनच विक्रेत्यांना नवे पान काढायचा मोह होतो. एका पानावर पन्नासांत उभे राहायचे म्हणजे किंमत पाडत बसायचे. त्यापेक्षा नावात एक शब्द बदलून स्वतंत्र पान काढले की आपणच राजे. जुन्या पानावर वाईट अभिप्राय साचले असतील तर तेही मागे राहतात. पण सगळेच लबाड नसतात. कोणी 'गॅस्केट' लिहितो, कोणी 'गास्केट', आणि मराठी नाव रोमन लिपीत लिहायची वेळ आली की आपण प्रत्येक जण आपापले पाणिनी होतो. कधी तर पानही एकच असते, पण ते जाहिरात म्हणून वर आणि शोधाचा निकाल म्हणून खाली असे दोनदा दाखवले जाते. वरच्या पानाच्या कोपऱ्यात 'प्रायोजित' अशी चिमुकली पाटी असते.

"पण प्रत्येक वस्तूला आकडा असतो ना?" मी विचारले. असतो. पुड्यावर काळ्या रेघांखाली छापलेला तेरा आकड्यांचा बारकोड. त्या रेघा दुकानात पहिल्यांदा वाचल्या गेल्या २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या एका पुड्यावर. आपल्याकडे हे आकडे देणारी जीएस१ इंडिया ही संस्था १९९६ साली निघाली. तिने दिलेला आकडा ८९० ने सुरू होतो. पुष्कळांची समजूत अशी की ८९० म्हणजे माल भारतात बनलेला. तसे नव्हे, त्या कंपनीने आकडा भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. माल कोठलाही असू शकतो.

तेराव्या आकड्याची एक गंमत आहे. पहिल्या बारांपैकी दुसरा, चौथा असे सम जागांवरचे आकडे तिप्पट करायचे, बाकीचे तसेच ठेवायचे, सर्वांची बेरीज करायची. तिच्यात तेरावा आकडा मिळवला की उत्तर दहाच्या पटीत आलेच पाहिजे. टंकताना एक आकडा चुकला तर हिशेब लगेच बोंब मारतो. मी हे घरी सांगितले मात्र, सासूबाईंनी पोह्यांच्या पाकिटापासून धूपकांडीच्या पुड्यापर्यंत सगळे बारकोड तपासून काढले. मनगटाला पट्टी होती, पण दुसऱ्या हातात पेन्सिल. सगळे बरोबर निघाल्यावर त्यांनी विचारले, "मग खोट्या मालावर खरा आकडा छापला तर?" तर काही नाही. हिशेब आकड्याचा खरेपणा सांगतो, मालाचा नाही. आणि कंपनीचे नावच नसलेल्या कित्येक मालांना बारकोडच नसतो. ते सूट मागून त्याच्याशिवाय विकले जातात. आमची रिंग त्यांतलीच.

पुस्तकांना असा आकडा १९७० पासून आहे, आयएसबीएन. २००७ पासून तो तेरा आकडी झाला. पण माझ्या विषयातली घोटाळ्याची जागा इथेच आहे. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, म्हणजे २०१० संपताच, त्यांची पुस्तके सर्वांना छापायला मोकळी झाली. आज 'श्यामची आई' शोधले तर अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या समोर येतात. ही नक्कल आहे का? वाचकाच्या दृष्टीने पुस्तक एकच. ग्रंथपालाच्या दृष्टीने आवृत्त्या वेगळ्या, आकडे वेगळे. निरनिराळ्या आवृत्त्यांचे अभिप्राय एकत्र करून दाखवले जातात, तेव्हा एका आवृत्तीचा फिका छाप दुसरीच्या नावावर खपतो, आणि संक्षिप्त आवृत्तीचे नशीब पूर्ण आवृत्तीच्या पुण्याईवर चालते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या तिघींनी अभ्यासाला लावलेले एक पुस्तक असे मागवले आणि संक्षिप्त आवृत्ती हातात घेऊन त्या चाचणीला बसल्या. जे प्रकरण त्यांच्या प्रतीत नव्हतेच, त्यावर प्रश्न आला. मी त्यांचे गुण कापले होते. नंतर कळल्यावर दुरुस्त केले; पण त्या दिवशी त्यांना काय वाटले असेल, ते दुरुस्त करता आले नाही.

आता यंत्र नक्कल ओळखते कसे? साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची वही प्रत्येकाशी ताडून पाहायची तर १,७७० जोड्या होतात. एक लाख वस्तूंच्या जवळजवळ पाचशे कोटी जोड्या होतील, आणि या बाजारांत वस्तू लाखांनी नव्हे, कोटींनी असतात. म्हणून आधी ढीग करतात. रिंगा रिंगांत, साड्या साड्यांत. मग ढिगापुरतीच ताडाताडी. नावे ताडायला एक जुने माप आहे. १९६५ साली रशियन गणिती लेव्हेनश्टाइन यांनी ते मांडले. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात, तेवढे त्या दोहोंतले अंतर. 'कुकर' आणि 'कूकर' यांत अंतर एक. 'गॅस्केट' आणि 'गास्केट' यांतही एक. छायाचित्राचेही यंत्र एक लहानसे टिपण करून ठेवते, बोटाच्या ठशासारखे. चित्र थोडे लहान-मोठे केले तरी ठसा जवळपास तोच राहतो. तो निळा अंगठा यंत्रालाही दिसतो तो असा. जिथे यंत्राला ठरवता येत नाही तिथे माणूस बसवतात. माझा भाचा सुरुवातीला वर्षभर तेच करत होता. दिवसाकाठी शेकडो जोड्या पाहायच्या, 'एकच' किंवा 'वेगळे' म्हणायचे. "डोळे मिटले तरी चपला दिसायच्या, मावशी," असे तो म्हणतो.

हे ऐकताना मला आमच्या गावच्या भांडारकर संस्थेची आठवण झाली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विद्वानांनी शेकडो हस्तलिखिते ओळीला ओळ लावून ताडली. कोणता पाठ नकलनविसाच्या हातून चुकून शिरला आणि कोणता मुळातच वेगळा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पंडितांना त्यासाठी सत्तेचाळीस वर्षे मिळाली. माझ्या भाच्याला एका जोडीमागे अर्धा मिनिट मिळायचा.

आणि खरी मेख पुढेच आहे. 'तीन लिटर' आणि 'पाच लिटर' हे आकड्यांत लिहिले तर त्यांतले अंतर किती? ३ च्या जागी ५, म्हणजे एक! 'कुकर' आणि 'कूकर' यांच्याएवढेच. एक अंतर निव्वळ शुद्धलेखनाचे, दुसरे माणसाचे मनगट भाजणारे. त्यातून चित्र एकच. रबरी कड्याच्या चित्रात व्यास दिसतो थोडाच? यंत्राने दोन्ही पाने एक केली आणि एकाच बटणाखाली दोन मापांची रिंग आली. ज्या दिवशी ज्या विक्रेत्याची पाळी, त्याचे माप. नियम असा की माप, रंग किंवा नगांची संख्या वेगळी असेल तर एका मायपानाखाली वेगवेगळी लेकपाने करावीत आणि गिऱ्हाइकाला निवडू द्यावे. तो पाळला असता तर आमची रिंग चुकती ना. भाच्याचे म्हणणे असे की नकला राहिल्या तर लोक वैतागतात आणि तशी बोंब होते, म्हणून वरिष्ठांचा कल जोडण्याकडे. चुकीच्या जोडणीची बोंब होत नाही; लोक वस्तू परत करून गप्प बसतात.

या मायलेकींच्या सोयीचा गैरवापरही होतो. खपणाऱ्या जुन्या वस्तूच्या कुटुंबात न खपणारी नवी वस्तू दत्तक घालायची, म्हणजे जुनीचे हजारो तारे नवीला मिळतात. अमेरिकेत जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीने अ‍ॅमेझॉनवर असे केले, म्हणून २०२३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्याकडून सहा लाख डॉलर वसूल केले. आपल्याकडे २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे याच जातीचा दुसरा प्रकार आला. कपडे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने फ्लिपकार्टवर आपली छायाचित्रे आणि नाव देऊन पाने तयार केली, आणि त्याच पानांना भलतेच विक्रेते चिकटले. या चिकटण्याला धंद्यात 'लॅचिंग' म्हणतात, आणि संकेतस्थळच तशी सोय देत होते. न्यायालयाने त्या व्यापाऱ्याच्या मालापुरती ती सोय बंद करायला सांगितली. म्हणजे पाहा, एक पान असावे म्हणून केलेली व्यवस्था, आणि त्याच पानावर परका येऊन बसला.

सरकारने २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षण नियम काढले. त्यांप्रमाणे विक्रेत्याचे नाव-पत्ता, मालाचा मूळ देश आणि शोधात कोणती वस्तू वर दाखवायची याचे मुख्य निकष गिऱ्हाइकाला सोप्या भाषेत दिसले पाहिजेत. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्यात व्हायला हवे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, प्रमाणात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर आपल्या संकेतस्थळावरून विकू दिल्याबद्दल, अ‍ॅमेझॉनला एक लाखाचा दंड केला आणि ते घेणाऱ्या प्रत्येकाला कळवून कुकर परत घ्यायला व पैसे द्यायला सांगितले. हा आदेश वाचताना माझ्या मनात एकच आले. कोणाला कोणता कुकर गेला हे पानावरून धड कळत असेल, तरच कळवता येणार. एका पानाखाली दोन माल असतील तर पत्र कोणाला धाडणार?

मी नियमांचा हवाला देऊन सविस्तर तक्रार लिहिली. दोन मापे एकत्र झाली आहेत, अभिप्रायांतला पुरावा हा, बाटलीच्या तक्रारी त्या. पोच दुसऱ्याच दिवशी आली. आठवड्याने एकशे एकोणीस रुपये परत आले. गणेशोत्सवाच्या सुमारास सहज पाहिले, तर त्या पानावर आता 'तीन लिटर' आणि 'पाच लिटर' अशी दोन बटणे आली होती. माझ्या पत्रामुळे की कोणा दुसऱ्याच्या, देव जाणे. निळा अंगठा होता तिथेच होता. अकराची मात्र सात पाने झाली होती.

रिंग शेवटी तुळशीबागेतूनच आणली. जुनी रिंग पिशवीत घालून सासूबाई स्वतः बरोबर आल्या. दुकानदाराने काही विचारले नाही. जुनी रिंग फळीवर ठेवली, आतून एक नवी काढली, जुनीवर आडवी धरली, मान हलवली, ती आत टाकली आणि दुसरी काढली. ती बरोबर बसली. "काकू, झाकण बाहेरचं ना?" एवढेच त्याने विचारले. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं." साठ रुपये घेतले.

बाहेर पडल्यावर मी ती भेगाळलेली रिंग कचऱ्यात टाकायला निघाले, तशी त्यांनी माझ्या हातातून घेतली. "राहू दे. पुढच्या खेपेला दाखवायला लागेल." आता ती ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलेली आहे, आणि तिच्या शेजारी त्या दोन नव्या कोऱ्या, तोकड्या रिंगा. त्यांचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.